पूर्णिमाच्या घरी पाणी सोडताना

शलाकाला कुणी साधं विचारलं, "गॅस बंद केलास ना गं?" तरी ती कधी "हो" म्हणायची नाही. "बघून सांगते," म्हणायची आणि खरोखरच जाऊन बघून यायची. डोंबिवलीला माहेरी घरच्यांनी तिला या सवयीवरून भरपूर पिडलं. लग्नानंतर ते काम गौरवने आपल्याकडे घेतलं. मग गौरवला ॲमस्टरडॅमला नोकरी लागली, त्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर शलाका ॲमस्टरडॅमजवळच्या उइटहॉर्नला आली, आणि ज्या सवयीपायी जन्मभर बोलणी खाल्ली होती तिच्यावरच इथे तिचा धंदा उभा राहिला.

धंदा कसला, तर लोकांची बंद घरं सांभाळायची. डिसेंबर लागला की इथली मराठी कुटुंबं बॅगा भरभरून पुण्या-मुंबईला निघतात. कुणाकडे लग्न, कुणाकडे मुंज, कुणाकडे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. घरं मागे राहतात, आणि घरात माणसं नाहीत म्हणून इथला हिवाळा काही दारातून परत जात नाही. सुरुवातीला एकीने तुळशीला पाणी घालायला म्हणून किल्ली दिली. तुळस काही वाचली नाही, इथे ती कुणाचीच वाचत नाही, पण त्या घरातला ठिबकायला लागलेला पाइप शलाकाने वेळेत पकडला. मग काय, नाव झालं. आता तिची रीतसर नोंदणी आहे, कार्डं छापलेली आहेत, आणि तिच्या घरच्या मीटरकास्टमध्ये आकड्यांवर बारा घरच्या किल्ल्या लटकत असतात. मीटरकास्ट म्हणजे दाराशेजारचं ते अरुंद कपाट. वीज, गॅस, पाणी, सगळं इथल्या घरात त्यातूनच शिरतं. नव्याने आलेली आपली माणसं त्यात चपला ठेवतात. शलाका ठेवू देत नाही.

हिवाळ्यातलं काम त्यातल्या त्यात सोपं, कारण ते सगळं बंद करण्याचं. थंडीची लाट येणार म्हटलं की बागेतला नळ आतून बंद करून रिकामा करायचा. घर फार दिवस बंद राहणार असेल तर मीटरपाशी मुख्य नळच फिरवायचा आणि पाइपांतलं पाणी काढून टाकायचं, म्हणजे गोठून फुटायला आत काही उरतच नाही. जीव टांगणीला लागतो तो मार्चमध्ये. तेव्हा हे सगळं परत उघडायचं असतं. मुख्य नळ अगदी हळूहळू सोडायचा, नाहीतर पाइपातली हवा धाडधाड आदळत पुढे पळते. एकेक नळ उघडून त्याला खोकू द्यायचं. खिडक्या उघडून गरम पाणी बराच वेळ वाहू द्यायचं, कारण साठलेल्या पाण्यात नको ते जंतू होतात. बॉयलरच्या दाबाचा काटा खाली आला असेल तर पाणी भरायचं, रेडिएटरच्या कडेला छोटी चावी लावून हवा सोडायची. आणि शेवटी संडासातला जेट स्प्रे बघायचा. हा स्प्रे इथल्या घरात मुळात नसतोच; आपल्या नवरे मंडळींनी व्हिडिओ बघून तो बसवलेला असतो, आणि गळायचाच झाला तर आधी तो गळतो.  हिवाळ्यात आपलं काय चुकलं ते मार्चमध्ये कळतं, आणि कळतं तेव्हा पाणी जिन्यावरून खाली येत असतं.

यंदा सगळ्यात शेवटी पूर्णिमाचं घर राहिलं होतं. ते तिने मुद्दामच मागे ठेवलं असं गौरवचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. पूर्णिमा ही शलाकाची इथली पहिली मैत्रीण. डच शिकायच्या वर्गात दोघी शेजारी बसायच्या, दोघींत मिळून एक रबर असायचं आणि शंकाही एकच असायची. डिसेंबरच्या सुरुवातीला पूर्णिमाच्या वडिलांना नाशिकला पक्षाघाताचा झटका आला. मिळेल त्या विमानाने पूर्णिमा निघाली. तिचा नवरा हरिहर ब्रेडाला एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्याने पुण्याच्या ऑफिसातून काही महिने काम करायची परवानगी काढली आणि आठवड्याभराने तोही गेला.

निघताना पूर्णिमा पायात बूट घालता घालता म्हणाली होती, "घराचं तू बघशीलच. फक्त देव्हाऱ्याला हात लावू नकोस. दार उघडू नकोस. दिवा नको, फूल नको. मी आल्यावर बघेन."

"नाही लावत," शलाका म्हणाली.

हरिहरने जाताना किल्ली दिली तेव्हा तोही असंच काहीसं बोलला. "आणि पाण्याचं काही करू नकोस हं, शलाका. चालू राहू दे. खरंच राहू दे."

आता हे 'खरंच राहू दे' आपल्या माणसांत कसं घ्यायचं असतं? पाहुणा ताटावर आडवा हात धरून "पुरे, खरंच पुरे" म्हणतो, आणि आपण वाढतो. "कशाला आणलंत, खरंच नको होतं," असं म्हणता म्हणता पिशवी आत जाते. शलाकाला वाटलं, हरिहर भिडस्त माणूस. सासऱ्यांच्या आजारपणाच्या गडबडीत आपल्याला वर आणखी काम नको म्हणून म्हणतोय. जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जाणार अशी बातमी आली तेव्हा ती बोचऱ्या वाऱ्यात सायकल मारत गेली, मुख्य नळ फिरवला, पाइप रिकामे केले आणि हरिहरला कळवलंही नाही. उगाच कशाला त्याला संकोचात टाकायचं! घरी येऊन चहा पिताना मैत्रिणीसाठी न सांगता काहीतरी केल्याचं तिला समाधानच वाटलं.

फेब्रुवारीत एका सकाळी पूर्णिमाचा फोन आला. तिचे वडील तेव्हा अजून हॉस्पिटलमध्येच होते.

"थंडी आहे का गं तिकडे?" पूर्णिमाने विचारलं.

"आहे की. चांगलीच आहे."

"आमच्या घरात हीटिंग किती ठेवलंयस?"

"पंधरा. वाढवू का?"

"पंधरा," पूर्णिमा म्हणाली आणि मग बोलायचीच थांबली. मागे हॉस्पिटलातली कसलीतरी गाडी खडखडत गेली.

"पूर्णिमा? काही हवंय का? घरातलं काही बघू का?"

"नाही. काही नाही गं. सहज केला होता."

दोन दिवसांनी हरिहरचा निरोप आला, काका, म्हणजे पूर्णिमाचे वडील, गेले म्हणून. तेव्हापासून तो फोन शलाकाच्या डोक्यातून जात नव्हता. पूर्णिमाला काहीतरी विचारायचं होतं आणि तिने ते विचारलं नाही, एवढं तिला पक्कं जाणवलं होतं.

आता शनिवारी ती दोघं परत येणार होती. वडिलांना पोचवून आलेली मैत्रीण दार उघडून आत येईल तेव्हा घर उबदार असावं आणि अंघोळीला कढत पाणी असावं, एवढीच शलाकाची इच्छा होती. म्हणून ती गुरुवारी सकाळीच पूर्णिमाच्या दारात सायकल लावून उभी राहिली. अंगणात जांभळे क्रोकस उगवले होते आणि डोक्यावरून स्किपोल विमानतळावर उतरणारी विमानं एकामागून एक चालली होती.

तिने मीटरकास्ट उघडलं, मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतलं आणि मुख्य नळ हळूच फिरवला. पाइप सुस्कारले. वर जाऊन तिने एकेक नळ उघडला. ते खोकले, तांबूस पाणी ओकले, मग नितळ वाहायला लागले. बॉयलरचा काटा खाली आला होता, तिने पाणी भरलं. रेडिएटरांतली हवा सोडली. सगळं इतकं सुरळीत झालं की तिच्या मनात पाल चुकचुकलीच. सगळे नळ घट्ट बंद करून ती खाली आली आणि शेवटचं म्हणून मीटरकडे बघायला वाकली.

मीटरच्या तबकडीवर एक इवलंसं लाल चक्र असतं. घरात कुठेही थोडं जरी पाणी गेलं तरी ते फिरतं. सगळे नळ बंद होते आणि चक्र फिरत होतं. हळू, पण न थांबता.

शलाकाच्या तोंडचं पाणी पळालं. ती धावत वर गेली. बाथरूम कोरडी. जेट स्प्रे कोरडा. फ्लशच्या टाकीला कान लावला, आत आवाज नाही. वॉशिंग मशीनमागे हात घालून पाहिलं, धूळ लागली. बाहेर जाऊन बागेतला नळ पाहिला, तोंडाशी थेंब नाही. परत मीटरपाशी आली. चक्र फिरतच होतं.

मग तिने दारातलं पायपुसणं काढलं. त्याखाली एक लाकडी झाकण असतं आणि झाकणाखाली घराच्या पोटातली वीतभर उंचीची काळोखी पोकळी. ती जमिनीवर पालथी झाली, मोबाइलचा दिवा लावला आणि डोकं आत घातलं. खाली कोरडी वाळू, कोळिष्टकं आणि कुणा गवंड्याने टाकलेली अर्धी फरशी. पाणी नाही. तिथेही नाही म्हणजे भिंतीत. म्हणजे कुठल्यातरी पाइपात तिने काढायचं राहून गेलेलं पाणी गोठलं असणार, पाइप आतून फुटला असणार आणि आता ती स्वतःच्या हाताने हरिहरने हौसेने घातलेल्या लाकडी जमिनीखाली पाणी सोडत असणार.  तिने गौरवला फोन लावला.

"मेन बंद कर आणि प्लंबरला बोलाव," गौरव म्हणाला. तो मीटिंगमधून बाहेर आला होता आणि दबक्या आवाजात बोलत होता. "एवढं काय त्यात?"

"प्लंबर काय लगेच येतोय? परवा ती येतेय."

"मग परवा आपल्याकडे करतील अंघोळ."

"बाप गेलाय तिचा, गौरव!" शलाका ओरडलीच.

 शलाका फोन कानाला धरून मुख्य नळ बंद करायला वाकली आणि तिचा हात तिथेच थांबला. चक्र थांबलं होतं.

हायसं वाटायला हवं होतं, पण तिला आणखीच भीती वाटली. गळती आपली आपण थांबत नाही. इतका वेळ पाणी कुठेतरी जात होतं आणि आता ते कुठेतरी भरलं होतं. "नंतर करते," म्हणून तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन सिंकखालचं कपाट उघडलं. हे तिने मघाशी नळ उघडतानाच बघितलं होतं. गार पाण्याच्या पाइपाला एक बारीक पांढरी नळी जोडलेली होती, पाण्याच्या फिल्टरला असते तशी. फिल्टर आपल्या प्रत्येक घरात असतो. इथलं नळाचं पाणी तसंच प्यायचं असतं यावर आपला विश्वास बसायला वर्षं जातात. म्हणून तेव्हा तिने त्या नळीकडे लक्षच दिलं नव्हतं. आता प्रथमच तिच्या मनात आलं, नळी आहे तर फिल्टर कुठाय?

नळी कपाटाच्या बाजूला पाडलेल्या भोकातून पलीकडे गेली होती. तिथून भिंतीच्या कडेने वर, आणि वर कोपऱ्यात पूर्णिमाचा सागवानी देव्हारा होता. दोन्ही दारं लावलेली.

शलाका देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. हिवाळाभर दर आठवड्याला ती या स्वयंपाकघरात आली होती आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून काम उरकून गेली होती, नजरसुद्धा नको म्हणून. दिलेला शब्द मोडायचा तिला मनापासून तिटकारा होता. पण पाणी आतच गेलं होतं. तिने नमस्कार केला आणि दारं उघडली.

आत तांब्याचं छोटं घंगाळ होतं. नितळ पाण्याने काठोकाठ भरलेलं, आणि तळाशी देव. देवीचा चांदीचा टाक, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण. माशांच्या टाकीतलं पाणी कमी होऊ नये म्हणून बसवतात तसला एक छोटा प्लास्टिकचा फ्लोट घंगाळाच्या काठाला अडकवलेला होता आणि पांढरी नळी त्यालाच जोडलेली होती. पाणी घटलं की फ्लोट खाली जाणार, नळीतून थेंबथेंब पाणी येणार, भरलं की आपोआप थांबणार.

घरातलं माणूस जिवावरच्या दुखण्यात असलं की जुन्या बायका देव पाण्यात ठेवायच्या. माणूस उठून बसेपर्यंत देवांची सुटका नाही. आपण आता ते नुसतं बोलण्यात वापरतो, निकाल लागायचा असला की म्हणतो. पूर्णिमाने खरोखर ठेवले होते. आणि बंद घरात इतके दिवस पाणी टिकणार नाही, आटून देव उघडे पडतील, म्हणून हरिहरने ही जोडणी केली होती. बायकोच्या वडिलांसाठी त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. पाण्याची पातळी राखता येत होती. कुणाला सांगायचं नसतं म्हणून दोघांनी सांगितलं नव्हतं. "पाणी चालू राहू दे. खरंच राहू दे."

घंगाळाच्या आतल्या बाजूला वरपासून तळापर्यंत पांढरी वलयं होती, एकाखाली एक. इथल्या पाण्यात चुना फार. आटत जाताना ते अशीच रेघ मागे ठेवतं. शेवटचं वलय अगदी तळाला होतं. अन्नपूर्णेच्या तोंडावर आणि बाळकृष्णाच्या पाठीवर चुन्याची पुटं धरली होती. मघाशी पाणी सोडेपर्यंत देव कोरडे पडून होते, आणि ते कोरडे केले होते शलाकाने.

ती तिथेच जमिनीवर बसली. माणूस पक्षाघाताने जातो, उइटहॉर्नमधला नळ बंद केल्याने जात नाही, हे तिला कळत होतं. ती बी.एस्सी. झालेली बाई. पण कळून काय उपयोग, काळजात तर चर्र झालं होतं. त्यात तिला तो फोन आठवला. थंडी आहे का, घरात किती ठेवलंयस. पूर्णिमाला विचारायचं होतं, देव पाण्यात आहेत ना? आणि नवसाचं बोलायचं नसतं म्हणून तिने विचारलं नाही. एकदा विचारलं असतं तर शलाका म्हणाली असती, बघून सांगते. आली असती, बघितलं असतं, पाणी घातलं असतं. तेव्हा काका होते. अजून दोन दिवस होते. पदर नसल्यामुळे ओढणीच तोंडावर धरून ती रडली.

मग उठली आणि सिंकखाली व्हिनेगरची बाटली शोधली. साफसफाईचं स्वस्त व्हिनेगर इथे घरोघरी असतं. चुन्याचा डाग त्याने बघता बघता निघतो. देव बाहेर काढायचे, घंगाळ पुसायचं, देव पुसायचे, परत पाणी घालायचं, दारं लावायची. पूर्णिमा येईल, स्वच्छ पाण्यातले देव बघेल आणि म्हणेल, आपण सगळं केलं होतं, पण बाबांचं आयुष्यच तेवढं होतं. तिला तेवढा तरी आधार राहील. आणि खरं सांगितलं तर तो जाईल, बहुधा मैत्रीही जाईल, आणि पूर्णिमा उरलेल्या आयुष्यात शलाकाकडे बघेल तेव्हा तिला बंद नळच दिसेल. शलाकाने बाटलीचं झाकण उघडलं. पाण्यात हात घालायला गेली आणि तिला ते जमेना. याला खरेपणा म्हणावं, तर तसंही नव्हतं. देवांना हात लावायची तिची छाती झाली नाही, इतकंच. तिने झाकण लावलं, देव्हाऱ्याची दारं लावली आणि घरी गेली.

"सांगू नकोस," दुसऱ्या दिवशी गौरव म्हणाला. या वेळी तो पिडत नव्हता. "कशाला? काका काय परत येणारेत? उगाच तिच्या डोक्याला भुंगा."

"आणि तिने विचारलं तर?"

"कशाला विचारेल ती?"

"मला बघून सांगायची सवय आहे रे," शलाका म्हणाली. "बघून गप्प बसायची नाही." गौरवने तिच्या पाठीवर हात ठेवला.

शनिवारी दुपारी टॅक्सी आली. शलाकाने घर तापवून ठेवलं होतं, मऊ खिचडी टाकली होती आणि सकाळपासून किती वेळा गरम पाण्याचा नळ उघडून बघितला होता ते तिलाच ठाऊक. पूर्णिमा दारात आली. इतकी वाळली होती की तिचा कोट दुसऱ्या कुणाचा असावा असं वाटत होतं. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. शलाकाला रडू आलं, पूर्णिमाला आलं नाही. "आधी अंघोळ करते," एवढंच ती म्हणाली आणि वर गेली. वरून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. हरिहर बॅगा उचलून जिन्याच्या खेपा घालत होता.

ओले केस टॉवेलात गुंडाळून पूर्णिमा खाली आली ती सरळ देव्हाऱ्यापाशी. ओट्यावर तिने कोरडं फडकं पसरलं. दारं उघडली. हात पाण्यात घातला आणि अन्नपूर्णा बाहेर काढली. "गार पडलीय," म्हणाली. मग तिचा अंगठा अन्नपूर्णेच्या तोंडावरच्या पांढऱ्या पुटावर थांबला.

शलाकाच्या हातात खिचडीचा डाव होता. तो तिने खाली ठेवला.

"पूर्णिमा, ते पाण्यात नव्हते."

"म्हणजे?"

"मला माहीत नव्हतं गं. मी जानेवारीत मेन बंद केला. गारठा पडणार होता, पाइप फुटतील म्हणून. गुरुवारी पाणी सोडलं तेव्हा नळी दिसली. दार उघडलं मी. सगळं आटून गेलं होतं, तळापर्यंत."

हरिहर जिन्यात बॅग धरून तसाच उभा राहिला. "मी तुला सांगून गेलो होतो, शलाका," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण चढायच्या बेतात होता. "पाण्याचं काही करू नकोस म्हणून."

"मला वाटलं, तू आपलं म्हणायचं म्हणून म्हणतोयस."

हरिहरने बॅग दुसऱ्या हातात घेतली. तोही आपल्यातलाच, असं म्हणायचं म्हणून तो जन्मभर म्हणत आला होता.

 पूर्णिमा अन्नपूर्णा तळहातावर घेऊन बघत होती. शलाकाला वाटलं, आता ती आपल्याला जा म्हणेल. कोट कुठे ठेवलाय तेसुद्धा तिला आठवेना.

"बाबांना मी सांगितलं होतं, देव पाण्यात ठेवलेत म्हणून," पूर्णिमा म्हणाली. "त्यांना धीर यावा म्हणून. एरवी कुणाला सांगितलं नाही. शेवटी शेवटी फार हाल झाले गं. अंगभर नळ्या. कूस बदलली तरी कळवळायचे. एक दिवस मला खुणेने जवळ बोलावलं. शब्द नीट फुटत नव्हते. म्हणाले, काढ गं आता त्यांना पाण्यातून. थंडी वाजत असेल."

पूर्णिमाने अन्नपूर्णा फडक्यावर ठेवली.

"ते काय मागत होते ते मला कळलं. म्हणून तुला फोन लावला. दार उघड आणि देव बाहेर काढून ठेव, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगवलं. म्हटलं, मी हे कसं सांगू? आपल्या तोंडाने कसं सांगू? थंडी किती आहे ते विचारलं आणि ठेवून दिला. त्यानंतर दोन दिवस ते तसेच तळमळत होते. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते." तिने शलाकाकडे पाहिलं. डोळे अजून कोरडेच होते. "ते सुटायला निघाले होते आणि देव पाण्यात ठेवून मी त्यांचा जीव धरून ठेवला. माझ्या हट्टापायी. परत येताना विमानात सारखं तेच डोक्यात होतं. घरी जाऊन देव पाण्यातून काढीन, तेव्हा त्यांना काय सांगू?"

"पूर्णिमा..."

"मी फोन केला तेव्हा कोरडे होते का ते?"

घंगाळातली वलयं एवढंच सांगत होती, की पाणी आटलं. कधी आटलं ते सांगत नव्हती. पंधरा अंशांच्या बंद घरात इतकं पाणी आटायला किती दिवस लागतात हे शलाकाला ठाऊक नव्हतं, कुणालाच ठाऊक असणार नव्हतं. फोन आला त्या दिवशी देव अर्धे बुडालेलेही असतील. "बघून सांगते" हे शब्द सवयीने तिच्या ओठांपर्यंत आले.

"हो," ती म्हणाली. "कोरडे होते."

"नक्की?"

"नक्की."

पूर्णिमाने मान हलवली. तिने देवीचा टाक काढून फडक्यावर ठेवला, मग बाळकृष्ण काढला, आणि तो खाली ठेवायचा सोडून फडक्याच्या कोपऱ्यात गुंडाळून उराशी धरला. मग ती रडली. इतक्या मोठ्याने रडली की हरिहर बॅग जिन्यातच टाकून धावत आला. तिच्या खांद्याला धरून तो उभा राहिला, आणि थोड्या वेळाने सिंकखाली वाकून त्याने पांढऱ्या नळीचा नळ बंद केला.